झाडामागचें आकाश

घरांतील वडील माणूस गेल्यावर त्याचा एक बरासा फोटो शोधण्याची जी धांदल उडते, तिचा अनुभव वाचकांपैकीं बहुतेकांस असेलच. हयातींत ज्याचे शेंकडों फोटो निघाले, त्याचाही भिंतीवर लावण्याजोगा असा एक फोटो आयत्या वेळीं सांपडत नाहीं. एकांत डोळे मिटलेले, दुसऱ्यांत अर्धा चेहरा कोणाच्या तरी खांद्याआड, तिसऱ्यांत तोंडांत घांस. आमचे दादा, म्हणजे माझे वडील बंधु, २०२० सालीं गेले तेव्हां आमचीही हीच गत झाली. पेन्शनच्या कागदांवरचा चिमुकला फोटो घाईघाईनें मोठा करून आणला व त्यास हार घातला. तो फोटो वहिनींना कधींच आवडला नाहीं. "हे कोण कचेरींतले गृहस्थ माझ्या भिंतीवर आणून बसवलेत?" असें त्या म्हणत, आणि खरेंच, त्या फोटोंत दादांच्या चेहऱ्यावर जो भाव होता, तो आमच्यापैकीं कोणींच कधीं पाहिलेला नव्हता.

यंदा श्राद्धतिथि जवळ आली तेव्हां माझ्या पुतण्याच्या थोरल्या मुलीनें ही गोष्ट मनावर घेतली. घरांत तिला सारेजण ताई म्हणतात. ती पुण्यास चित्रकलेचें शिक्षण घेते. तिनें घरांतील झाडून साऱ्या फोनांतले फोटो धुंडाळले व २०१९ सालच्या आवळीभोजनाचा एक फोटो शोधून काढला. आमच्या वाईच्या घराच्या पूर्वेस परसांत एक जुनी आवळी आहे, आणि कार्तिकांत एक दिवस सारें घर तिच्याखालीं पानें मांडून जेवतें. फोटोंत दादा पाटावर बसलेले आहेत. पुढें केळीचें पान आहे. डावा हात खिरीच्या वाटीवर आडवा धरलेला आहे, मान वर आहे, ओठ किंचित् उघडे आहेत, आणि दृष्टि आवळीच्या शेंड्यापलीकडे लागलेली आहे. चेहरा अगदीं जिवंत. वैगुण्य एकच होतें. डहाळ्यांच्या मागें जें आकाश दिसत होतें तें पांढरेंफटक, भट्टीच्या धोतरासारखें. त्यांत ना ढग, ना रंग.

आठवड्यानें ताई तोच फोटो मोठा करून, चौकटींत बसवून घेऊन आली. आकाश पार बदललें होतें! आवळीच्या मागें केशरी व जांभळ्या रंगांचे पट्टे, ढगांना सोन्याची किनार, आणि त्या सगळ्या वैभवाकडे दादा मान वर करून पाहताहेत. घरांतलीं सारीं माणसें हरखून गेलीं. माझ्या सुनेच्या डोळ्यांत पाणी आलें. खोटें कशाला बोला, मलाही तें चित्र फार आवडलें; निवृत्त झालेला माणूस मावळतीकडे शांतपणें पाहतो आहे, या कल्पनेनें माझें मन, स्वतः निवृत्त असल्यामुळें, थोडेंसें सुखावलेंही. वहिनींनीं चष्मा पुसून डोळ्यांवर लावला, बराच वेळ फोटो न्याहाळला, आणि त्या इतकेंच म्हणाल्या, "अग, सूर्य तिकडे कधीं मावळतो?"

साऱ्यांचीं तोंडें बंद झालीं. पन्नासाहून अधिक वर्षें त्या परसांत ज्यांनीं उगवतीला अर्घ्य सोडलें, त्यांना पूर्वपश्चिम कोण शिकवणार? "मग सूर्योदय म्हणूं या कीं," असें ताई हळूच पुटपुटली. पण जेवणाचें पान मांडून सूर्योदय पाहणारा गृहस्थ आमच्या घराण्यांत तरी झालेला नाहीं. त्या दिवसापासून महिनाभर मी या आकाश बदलण्याच्या विद्येच्या मागें लागलों. ताईला प्रश्न विचारून भंडावून सोडलें, पुस्तकें धुंडाळलीं, आणि जें हातीं लागलें तें पुष्कळसें मनोरंजक असल्यामुळें येथें सांगत आहें. फोटोचें पुढें काय झालें तें ओघानें येईलच.

हा उद्योग कालपरवांचा असावा अशी माझी समजूत होती, ती साफ चुकीची निघाली. आकाश बदलण्याची युक्ति छायाचित्रणाच्या बाल्यावस्थेपासून चालत आलेली आहे, आणि तिचा उगम लबाडींत नसून अडचणींत आहे. इंग्लंडांतील फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें १८५१ सालीं कोलोडियन नांवाच्या चिकट द्रवानें माखलेल्या कांचेवर छायाचित्र घेण्याची रीति प्रसिद्ध केली व ती जगभर पसरली. या कांचेवरील रौप्यक्षारांस निळा व जांभळा प्रकाश तेवढा कळे. हिरवा, पिवळा व तांबडा यांच्या बाबतींत त्या जवळजवळ आंधळ्याच. आतां वाचकांनीं एखाद्या झाडाचा विचार करावा. पान हिरवें, म्हणून त्याची छाप उमटण्यास वेळ फार लागणार. मागचें आकाश निळें, म्हणून तें तत्क्षणीं उमटणार. पानांसाठीं थांबावें तर तोंवर आकाश करपून निर्विकार होई, आणि आकाशासाठीं आटपतें घ्यावें तर झाडाच्या जागीं नुसता काळा गोळा. सारांश, झाड व त्यामागचें आकाश हीं दोन्ही एका कांचेवर सुखानें नांदत नसत. त्यामुळें त्या काळच्या बहुतेक देखाव्यांत आकाश म्हणजे कोरा कागद. कांचेवर आकाशाच्या भागांत डाग पडले तर छायाचित्रकार तेथें सरळ काळा रंग फांशीत, म्हणजे कागदावर तो भाग स्वच्छ पांढरा राही.

यावर तोड काढणाऱ्यांत पॅरिसच्या गुस्ताव्ह ल ग्रे याचें नांव अग्रभागीं आहे. १८५६ व १८५७ या सालांत त्यानें समुद्राचीं जीं चित्रें घेतलीं तीं लंडन व पॅरिस येथें अतिशय गाजलीं, कारण त्यांत लाटाही होत्या व ढगही होते. त्यांतील कित्येकांचें मर्म असें कीं, समुद्र एका कांचेवरचा व आकाश दुसऱ्या कांचेवरचें. सेत बंदराजवळ घेतलेलें महालाटेचें त्याचें विख्यात चित्र याच जातीचें आहे. एका कांचेवरून कागदावर खालचा भाग छापावयाचा, मग ती काढून दुसरीवरून वरचा भाग छापावयाचा, आणि सांधा क्षितिजाच्या रेषेवर आणावयाचा. गंमत अशी कीं, त्याच्या निरनिराळ्या समुद्रांवर कधीं कधीं तेच ढग आढळतात. जुन्या नाटकमंडळ्यांत एकच शालू आज सीतेच्या अंगावर तर उद्यां द्रौपदीच्या, त्यांतलाच हा प्रकार.

पण समुद्रच कां? कारण समुद्राचें क्षितिज पट्टीनें आंखल्यासारखें सरळ असतें व सांधा तेथें बेमालूम लपतो. ल ग्रे यानें फाँतेनब्लोच्या अरण्यांतील वृक्षांचींही सुंदर छायाचित्रें घेतलीं आहेत. परंतु झाडाच्या शेंड्याभोंवतीं कात्री फिरविणें हें समुद्राच्या रेषेवर कागद ठेवण्याइतकें सोपें नव्हे. झाड आलें कीं हजारों डहाळ्या व हजारों फटी आल्या. तेथें जुन्या कारागिरांनीं एक मोठी मौजेची युक्ति योजिली. झाड कागदावर आधींच गर्द काळें छापलेलें असे. त्यावरून ढगांची फिकट छाप अंमळ आंत गेली तरी काळ्यावर ती दिसतच नसे. काळ्या घोंगडीवर शाई सांडल्याप्रमाणें ती त्यांत जिरून जाई, आणि मधल्या पांढऱ्या फटींत तेवढे ढग उमटत. म्हणजे कात्रीचें काम झाडाच्या काळोखावरच सोंपवून दिलें. आजच्या संगणकावर 'मल्टिप्लाय' म्हणून जो एक प्रकार आहे, तो हुबेहूब हाच. त्यांत दोन चित्रांचीं तेजें एकमेकांशीं गुणलीं जातात व काळें तें काळेंच राहतें. दीडशें वर्षांपूर्वींच्या अंधाऱ्या कोठडींतील हिकमत आजच्या यंत्रांत जशीच्या तशी येऊन बसावी, याचें मला मोठें नवल वाटलें.

कॅलिफोर्नियांत एडवर्ड मायब्रिज या गृहस्थानें १८६९ त निराळा मार्ग काढला. भिंगापुढें एक लहानशी झडप बसवून तो आकाशाकडून येणारा प्रकाश थोडा वेळ अडवून धरी. हाच पुढें धांवत्या घोड्याच्या चित्रांनीं अजरामर झाला. तरीही त्यानें ढगांच्या कांचांचा वेगळा सांठा बाळगला होताच, व लागेल तसे ढग तो देखाव्यांवर चढवी. १८७३ सालीं जर्मनींतील प्राध्यापक हर्मान फोगेल यांनीं शोध लावला कीं, कांचेवरील लेपांत विशिष्ट रंग मिसळल्यास तिला हिरवा प्रकाशही कळूं लागतो. विसाव्या शतकाच्या आरंभीं सर्व रंग जाणणाऱ्या कांचा बाजारांत आल्या, पिवळी कांच भिंगापुढें धरून निळ्याचा जोर कमी करतां येऊं लागला, आणि झाड व आकाश यांचें भांडण एकदांचें मिटलें. अडचण संपली, लागलेली संवय मात्र संपली नाहीं.

त्या काळींही या प्रकारावर वाद माजलेच. ऑस्कर रेलँडर यानें १८५७ त तीसांहून अधिक कांचांतून एक प्रचंड चित्र जुळविलें. हेन्री पीच रॉबिन्सन यानें १८५८ त पांच कांचांतून एका मरणोन्मुख मुलीचें चित्र रचलें, आणि एवढा दुःखाचा प्रसंग छायाचित्रांत दाखवावा याचेंच लोकांना वाईट वाटलें. वास्तविक ती मुलगी चांगली धडधाकट होती. पुढें पीटर हेन्री इमर्सन यानें १८८९ च्या आपल्या ग्रंथांत या जोडकामाच्या पंथावर कडाडून हल्ला चढविला. मुंबईही यांत मागें नव्हती. १८५४ त तेथें छायाचित्रकारांची संस्था निघाली व डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु नारायण दाजी हे तिच्या प्रमुख सभासदांपैकीं होते. विल्यम जॉन्सन यानें १८६३ व १८६६ सालीं मुंबईंतील नाना जातीजमातींच्या लोकांच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यांत माणसें एकीकडे घेतलेलीं व त्यांच्या मागचे देखावे दुसरीकडचे, असें जोडकाम केलेलें आहे. आपले पूर्वज त्यांत जेथें उभे दिसतात तेथें ते उभे राहिले असतीलच असें नाहीं.

आतां ताईच्या यंत्राकडे वळतों. फोटोशॉप नांवाची संगणकाची जी प्रणाली आहे ती १९९० सालीं निघाली. तिच्या साहाय्यानें आकाश बदलण्याचें काम माणसें वर्षानुवर्षें हातानें करीत आलीं. एका झाडाला अर्धा अर्धा दिवस लागे. २०१९ त ल्युमिनार नांवाच्या प्रणालीनें व २०२० च्या ऑक्टोबरांत खुद्द फोटोशॉपनें हें काम एका कळीवर आणून ठेवलें. असंख्य चित्रें दाखवून यंत्रास आकाश कोणतें व झाड कोणतें हें शिकविलेलें असतें. तें आपण होऊन आकाश ओळखतें, काढतें व आपल्या भांडारांतलें दुसरें आणून बसवितें. ताईनें पहिल्या खेपेस हीच कळ दाबली होती. तिला लागलेला वेळ, तिच्याच सांगण्याप्रमाणें, चहा निवण्याइतका.

परंतु आवळी ही कांहीं साधी असामी नव्हे. तिच्या काडीच्या दोहों बाजूंस तांदुळासारखीं बारीक पानें ओळीनें लागलेलीं असतात, व संबंध डहाळी एखाद्या पिसासारखी दिसते. वहिनींनीं सूर्याची दिशा पकडल्यावर मीही भिंग घेऊन बसलों (चाळीस वर्षें मुलांच्या वह्यांतले अनुस्वार तपासण्याची संवय कोठें जाणार?), तों दोन गोष्टी आढळल्या. एक, पानांच्या दाटींत अगदीं लहान फटी होत्या, तेथें जुनें पांढरें आकाश जसेंच्या तसें राहून गेलें होतें. आमच्या वेदान्तांत घटाकाश व मठाकाश असे आकाशाचे भेद उपाधीमुळें सांगितले आहेत. हें पर्णाकाश त्यांत जमा करावयास हरकत नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, प्रत्येक डहाळीच्या कडेनें एक बारीक पांढुरकी रेघ दिसत होती, जणूं कोणी खडूनें गिरविली आहे.

ही रेघ कां येते, तें मला ताईनें आंकड्यांनीं समजावून दिलें आणि तें इतकें सुबोध आहे कीं वाचकांसही आवडेल. संगणकावरचें चित्र म्हणजे बारीक बारीक चौकटींचें जाळें. प्रत्येक चौकटीस तेजाचा एक आंकडा असतो. निखळ काळ्यास शून्य व शुभ्र पांढऱ्यास २५५. समजा, पानाचें तेज ४० व पांढऱ्या आकाशाचें २४०. आतां पानाच्या कडेवर अशी एक चौकट येते कीं जिच्यांत अर्धें पान व अर्धें आकाश आहे. तिचा आंकडा दोहोंच्या मधला, म्हणजे १४०. आतां मागें संध्याकाळचें आकाश आणलें, ज्याचें तेज १००. न्यायानें त्या कडेवरच्या चौकटीचा आंकडा ४० व १०० यांच्या मधला, म्हणजे ७० व्हावयास पाहिजे. पण यंत्रानें ती चौकट पानाची समजून तशीच ठेवली तर तेथें १४० च राहतो. हा आंकडा पानाहूनही उजळ व नव्या आकाशाहूनही उजळ! तीच ती पांढरी रेघ. जुनें आकाश हद्दपार झालें तरी पानांच्या कडांना तें असें चिकटून राहतें.

यावरचा उपाय असा कीं, प्रत्येक चौकटींत पान किती व आकाश किती याचा अपूर्णांक स्वतंत्र लिहून ठेवावयाचा. एड कॅटमल व अल्व्ही रे स्मिथ या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ही सोय चित्रांतच करून ठेवली व अपूर्णांकास ग्रीक वर्णमालेंतलें पहिलें अक्षर दिलें, अल्फा. १९८४ त पोर्टर व डफ या दोघांनीं अशा चित्रांच्या मिश्रणाचें सारें गणित व्यवस्थित मांडलें. मग प्रश्न उरतो तो अपूर्णांक मिळवावयाचा कसा. चित्राचे तांबडा, हिरवा व निळा असे तीन थर वेगळे काढतां येतात. पान निळा प्रकाश जवळजवळ सगळा गिळून टाकतें, म्हणून निळ्या थरांत पान सर्वांत काळें व आकाश सर्वांत उजळ असतें. त्या थराचीच एक प्रत घेऊन काळें अधिक काळें व पांढरें अधिक पांढरें केलें, कीं आवळीचें प्रत्येक पातें, प्रत्येक फट आपोआप आंखली जाते. जुन्या कांचेला हिरवें दिसत नव्हतें म्हणून आकाश गमावावें लागलें. आज त्याच निळ्याहिरव्याच्या वैराचा आधार घेऊन आकाश कापतां येतें. दैवाची चेष्टाच म्हणावयाची.

ताई हट्टाला पेटली होती. दोन दिवस बसून तिनें सारें काम पुन्हां केलें. पूर्वेच्या परसांत, दुपारीं, कार्तिकांत जसें असावें तसें स्वच्छ निळें आकाश व त्यांत दोनतीन कापसाचे ढग तिनें निवडले. फटी भरल्या, कडा धुतल्या. मग मला म्हणाली, "आजोबा, आतां चूक काढून दाखवा." मी भिंग घेऊन बसलों. कडांस कांहीं सांपडेना. पण पाहतां पाहतां लक्षांत आलें कीं, आकाश हें झाडाच्या मागेंच असतें असें नाहीं. आवळीच्या ओल्या फांद्यांवर पांढरट चकाकी होती, ती जुन्या आकाशाची. पाण्याच्या भांड्यांत एक पांढरें वर्तुळ होतें, तें जुनें आकाश. दादांच्या चष्म्याच्या दोन्ही कांचांत दोन पांढरे तुकडे होते, तेंही तेंच. जमिनीवर सांवली म्हणून कोठें नव्हती. निळ्या आकाशाखालीं दुपारीं सांवली पडत नाहीं काय? ताईनें कपाळावर हात मारून घेतला, आणि आणखी एक दिवस खर्चून तेंही सारें बदललें. भांड्यांत निळें आलें, चष्म्यांत निळें आलें, आवळीखालीं ऊनसांवलीची नक्षी आली. या खेपेस मला एकही दोष दाखवितां आला नाहीं हें मी प्रांजळपणें कबूल करतों.

या सुमारास घरांत जो वाद झाला तो ऐकण्यासारखा होता. मी म्हटलें, हें खोटें आहे. ताईनें बैठकींतल्या माझ्या आजोबांच्या फोटोकडे बोट दाखविलें. त्यांत आजोबा व आजी एका संगमरवरी जिन्याशेजारीं उभीं आहेत व मागें कारंजें आणि तलाव आहे. "हा राजवाडा आपला कधीं होता?" तिनें विचारलें. प्रश्न बिनतोड होता. मी उत्तर दिलें कीं, तो स्टुडिओचा पडदा आहे. त्याच्या तळाशीं सुरकुती दिसते, आणि पाहणाऱ्यास तो पडदा म्हणूनच कळतो. "म्हणजे वाईट काम केलें तर चालतें, चांगलें केलें तर नाहीं?" ताई म्हणाली. यावर मला तत्काळ उत्तर सुचलें नाहीं, व अजूनही पुरतें सुचलेलें नाहीं.

मग मी आपल्या नेहमींच्या आश्रयास गेलों. शाकुंतलाच्या सहाव्या अंकांत दुष्यंत शकुंतलेचें चित्र पुढें घेऊन बसतो व त्यांत मागचा देखावा अजून काढावयाचा राहिला आहे असें म्हणतो. मालिनी नदी, तिच्या वाळूंतलीं हंसांचीं जोडपीं, हिमालयाच्या पायथ्याच्या टेंकड्या, वल्कलें वाळत घातलेला वृक्ष व त्याखालीं हरिणांचें जोडपें, हें सारें त्याला मागाहून भरावयाचें आहे. म्हणजे पार्श्वभूमि मागाहून घालण्यास कालिदासाची हरकत दिसत नाहीं. पण राजा जें घालूं पाहतो तें त्या आश्रमाचेंच आहे. त्याला सुंदर असें कांहीं नको आहे, तेथलें पाहिजे आहे. आणि तरीही चित्रांतल्या भुंग्याला तो खरा समजून दम भरतोच! विष्णुधर्मोत्तरांतील चित्रसूत्रांत तर आकाश दाखवावयाचें तें जवळजवळ वर्णहीन व पक्ष्यांनीं भरलेलें दाखवावें असें सांगितलें आहे. ताईला मी हें ऐकविलें तेव्हां ती म्हणाली, "मग पक्षी घालूं का थोडे?"

वर्तमानपत्रांची गोष्ट मात्र अगदीं निराळी आहे आणि तेथें माझ्या मनांत शंका नाहीं. २००६ च्या ऑगस्टांत बैरूट शहरावरील हल्ल्याच्या एका छायाचित्रांत धुराचे लोट संगणकावर वाढवून दाट केल्याचें उघडकीस आलें. रॉयटर वृत्तसंस्थेनें त्या छायाचित्रकाराशीं संबंध तोडला व त्याचीं ९२० छायाचित्रें आपल्या संग्रहांतून काढून टाकलीं. त्याच वर्षीं अमेरिकेंत शार्लट येथील एका दैनिकाच्या छायाचित्रकारास, शिडीवरच्या अग्निशामक जवानाच्या मागचें आकाश तांबडें केल्याबद्दल, नोकरी गमवावी लागली. त्याचें म्हणणें असें कीं, खरें आकाश तसेंच होतें, यंत्रानें तें नीट टिपलें नाहीं, मी तें परत आणलें. तो खरें बोलत असेलही. पण ज्या चित्राच्या भरंवशावर लोकांनीं मत बनवावयाचें, त्यांत आठवणीनें रंग भरूं लागल्यास कोणाची आठवण प्रमाण धरावी?

आमच्या घरांत कोणाची धरावी हा प्रश्न नव्हता. दुसरी प्रत वहिनींपुढें ठेवली. त्यांनीं पुन्हां चष्मा पुसला. दिशा बरोबर होती, वेळ बरोबर होती, ऊन बरोबर पडलें होतें. त्यांनीं विचारलें, "मग हे कोणाला थांब म्हणताहेत?"

आम्हांस कांहींच कळेना. तेव्हां त्यांनीं सांगितलें. त्या वर्षीं कार्तिकांत, आपणांस आठवत असेल, अरबी समुद्रांतल्या वादळांमुळें महाराष्ट्रभर अवकाळी पाऊस झाला. आवळीभोजनाच्या दिवशीं सकाळपासून मळभ होतें. तरी दादांनीं पानें मांडावयास लावलीं. पहिला भात वाढून झाला न झाला तों थेंब आले. सगळे आपापलीं पानें उचलून ओसरीवर पळाले. "हे उठेनात. म्हणाले, आवळीखालीं बसलों तो आवळीखालींच जेवून उठेन. खिरींत पाणी पडूं नये म्हणून वाटीवर हात धरला, आणि आभाळाकडे बघून म्हणाले, घटकाभर थांब रे बाबा, एवढी खीर संपूं दे."

"थांबला का ग?" ताईनें विचारलें. ती त्या वर्षीं आजोळीं होती.

"कसला थांबतो! पण खीर संपवलीन् त्यांनीं." वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "भाऊजी, तुम्हीं तर सगळ्यांच्या आधीं पळालांत."

तें खरें होतें. पळणाऱ्यांत मी होतों, फोटो माझ्या सुनेनें ओसरीवरूनच काढला होता, आणि तरीसुद्धां महिनाभर भिंग घेऊन त्या पांढऱ्या आकाशाकडे पाहतांना मला त्यांतला पाऊस आठवला नव्हता. आठवली ती ओल्या फांद्यांची चकाकी, आणि तीही चूक म्हणून. मावळतीकडे शांतपणें पाहणारा माणूस मला अधिक बरा वाटला होता. वस्तुतः दादा उभ्या जन्मांत शांतपणें कोठें पाहत बसल्याचें मला आठवत नाहीं.

ताई कांहीं बोलली नाहीं. संध्याकाळीं तिनें मूळ फोटो पुन्हां उघडला. आकाश होतें तसें ठेवलें. चेहऱ्यावर थोडा उजेड वाढविला, कारण मळभामुळें तो काळवंडला होता, आणि त्याबद्दल वहिनींची परवानगी रीतसर विचारली. नीट मोठा करून पाहिल्यावर आवळीच्या बुंध्याशीं दोनतीन तिरप्या बारीक रेघा आढळल्या; त्या पावसाच्या धारा होत्या. इतके दिवस त्या आम्ही डाग समजत होतों. मागें कागदावर मीं पेन्सिलीनें लिहिलें: कार्तिक शुद्ध, शके १९४१, आवळीभोजन, पाऊस.

चौकटींत घालण्यापूर्वीं ताईनें एक शेवटची गोष्ट विचारली. फोटोच्या उजव्या कोपऱ्यांत एक निळी प्लॅस्टिकची बादली आली होती. ती ठेवावयाची कीं काढावयाची?

"ती मेली बादली काढ बाई," वहिनी लगेच म्हणाल्या.

बादली काढली. पळतांना ती तेथें मीच टाकली होती. पण मी कांहीं बोललों नाहीं.